घरापासून लांबची पदवी निवडताना: शेवटच्या वर्षापासून उलटं वाचा

भाचीला पर्यावरणशास्त्र शिकायचं होतं आणि त्यासाठी लांब जायची तिची तयारी होती. तिच्या यादीत एकाच नावाच्या तीन पदव्या होत्या, तीन वेगवेगळ्या देशांतल्या. तिन्ही माहितीपत्रकांवर गर्द झाडी आणि गुडघाभर पाण्यात उभी असलेली हसरी मुलं. आम्ही माहितीपत्रकं मिटून ठेवली, प्रत्येक पदवीच्या शेवटच्या वर्षाची विषययादी छापून घेतली आणि ते तीन कागद जमिनीवर शेजारी-शेजारी पसरले. पहिल्यावर धोरण, कायदा, पर्यावरणाचं अर्थशास्त्र. दुसऱ्यावर विषारी द्रव्यांचं रसायनशास्त्र आणि प्रयोगशाळेचे लांबलचक तास. तिसऱ्यावर भूजल, गाळाचं वहन, पूररेषा आणि सहा आठवडे प्रत्यक्ष जागेवरचं काम. पहिल्या दोन कागदांवर ती बराच वेळ बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "मामा, यात नदी कुठंच नाही."

तिला नद्यांवरच काम करायचं होतं. नाव तेच, पण पहिली पदवी सामाजिक शास्त्रांचा विभाग चालवत होता, दुसरी रसायनशास्त्राचा आणि तिसरी भूशास्त्राचा. हे माहितीपत्रकात ठळकपणे कुठंच लिहिलेलं नव्हतं.

तेव्हापासून मला जो कुणी विचारतो त्याला मी हेच सांगतो: पदवी शेवटच्या वर्षापासून उलटी वाचा. पहिलं वर्ष बहुतेक ठिकाणी सारखं दिसतं. विषयाची ओळख, थोडं गणित, थोडं लेखन. तिथले शिक्षक कशात मुरलेले आहेत, त्यांना काय शिकवायला आवडतं, तुम्हाला ते कुठं नेऊन सोडणार आहेत, हे कळतं शेवटच्या वर्षात. घराजवळ निवड चुकली तर वर्षभरात दुसरीकडे जाता येतं. लांब गेल्यावर व्हिसा, भाड्याचा करार, शिष्यवृत्ती हे सगळं त्या एकाच प्रवेशाला बांधलेलं असतं. म्हणून ही सगळी तपासणी निघायच्या आधी करायची.

सुरुवात तीन ओळींनी

विद्यापीठांची यादी करण्याआधी एका कागदावर तीनच ओळी लिहा. पदवी संपल्यावर मला काय करता आलं पाहिजे? कोणत्या गोष्टीशिवाय मी तीन-चार वर्षं राहू शकणार नाही? आणि पैसा कुणाचा, किती वर्षं पुरणारा? पहिल्या ओळीत "इंजिनिअर व्हायचंय" असं लिहून थांबू नका. "पूल बांधता यावेत", "औषधांच्या चाचण्यांची आकडेवारी तपासता यावी", "शाळेत शिकवता यावं" असं क्रियापदात लिहा. कारण पुढं विषययादी हातात आली की ती याच क्रियापदाशी ताडून बघायची आहे.

विषययादी कशी वाचायची

विद्यापीठाच्या संकेतस्थळावर "आमच्याबद्दल" वाचण्यात वेळ घालवू नका. शोधायचा आहे तो मॉड्यूल हँडबुक, कोर्स कॅटलॉग किंवा प्रोग्राम स्पेसिफिकेशन अशा नावाचा दस्तऐवज. तो कंटाळवाणा असतो, शेकडो पानांचा असू शकतो, पण त्या संस्थेने तुम्हाला दिलेला सगळ्यात प्रामाणिक कागद तोच.

त्यात सक्तीचे विषय आणि ऐच्छिक विषय वेगळे करा. ऐच्छिक विषयांची भलीमोठी यादी बघून हुरळून जाऊ नका. त्यातले कितीतरी विषय दर वर्षी चालत नाहीत. शिक्षक रजेवर गेला किंवा पुरेशी नावं आली नाहीत तर विषय बंद राहतो. विभागाच्या कार्यालयाला सरळ ईमेल करून विचारा की गेल्या दोन वर्षांत यातले कोणते विषय खरोखर शिकवले गेले. कुठला विषय घ्यायला आधी कुठला पूर्ण असावा लागतो, हेही बघा. शेवटच्या वर्षातला तुम्हाला हवा असलेला विषय दुसऱ्या वर्षातल्या एका अवघड गणिताच्या पेपरावर अडलेला असू शकतो.

मग मूल्यमापन. सगळं एका अंतिम परीक्षेवर आहे, की निबंध, प्रकल्प, तोंडी परीक्षा असं विभागलेलं आहे? घरापासून लांब, नव्या भाषेत, पहिल्याच सत्रात तीन तासांच्या लेखी परीक्षेवर सगळे गुण असतील तर ते वेगळं आव्हान आहे. तुम्ही कशात बरे आहात हे तुम्हालाच माहीत.

क्रेडिटचे आकडे तासांत बदलून बघा, म्हणजे आठवडा डोळ्यांसमोर येतो. युरोपातल्या ईसीटीएस या क्रेडिट मोजायच्या पद्धतीत पूर्ण वर्षाचे ६० क्रेडिट असतात आणि एक क्रेडिट म्हणजे साधारण २५ ते ३० तासांचं काम. म्हणजे ५ क्रेडिटचा एक विषय १२५ ते १५० तास मागतो, आणि त्यातले वर्गातले तास बहुतेकदा निम्म्याहूनही कमी. बाकीचं तुम्ही एकट्याने करायचं. ब्रिटनमध्ये वर्षाचे १२० क्रेडिट मोजतात. त्यांचे दोन म्हणजे ईसीटीएसचा एक. अमेरिकेत पदवीला सर्वसाधारणपणे १२० सत्र-क्रेडिट लागतात, चार वर्षांत वाटलेले. ब्रिटिश १२० आणि अमेरिकन १२० एकच समजून तुलना करणारी मुलं मी पाहिली आहेत. एक आकडा एका वर्षाचा आहे आणि दुसरा अख्ख्या पदवीचा.

मन बदललं तर?

सतरा-अठराव्या वर्षी घेतलेला निर्णय बदलू शकतो, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण प्रत्येक देशाची व्यवस्था या बदलाला सारखी जागा देत नाही आणि लांब जाणाऱ्याने हे आधीच बघितलं पाहिजे.

इंग्लंडमध्ये पदवी साधारण तीन वर्षांची आणि अर्ज करतानाच विषय ठरवावा लागतो. स्कॉटलंडमध्ये ऑनर्स पदवी चार वर्षांची असते आणि अनेक विद्यापीठांत पहिली दोन वर्षं मुख्य विषयाच्या जोडीने इतर विषय घेता येतात. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मुख्य विषय दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत जाहीर केला तरी चालतो, मात्र अभियांत्रिकी किंवा संगणकशास्त्रासारख्या शाखांत नंतर शिरणं अनेक ठिकाणी फार कठीण असतं. विषयाबद्दल मन पक्कं असेल त्याला इंग्लंडची तीन वर्षं सरळ आणि सोयीची. दोन विषयांत मन घुटमळत असेल त्याने चार वर्षांची व्यवस्था घ्यावी, जास्तीच्या वर्षाचा खर्च हिशेबात धरूनच.

नापास झाल्यावर काय होतं, हा प्रश्न अर्ज करताना कुणी विचारत नाही. विचारा. नेदरलंड्समधल्या अनेक पदव्यांत पहिल्या वर्षी ठरावीक क्रेडिट मिळवले नाहीत तर त्या अभ्यासक्रमात पुढं राहता येत नाही. जर्मनीत एखादी सक्तीची परीक्षा द्यायच्या संधी मोजक्या असतात. त्या संपल्या आणि परीक्षा कायमची नापास ठरली, तर तोच अभ्यासक्रम तिथल्या दुसऱ्या विद्यापीठातही सहसा पूर्ण करता येत नाही. हे नियम क्रूर नाहीत, पण माहीत नसताना अंगावर आले तर माणूस कोसळतो. अभ्यासक्रमाच्या परीक्षा-नियमावलीत ही कलमं छापलेली असतात.

पदवी कुठं चालते

तुम्हाला परवाना लागणारा व्यवसाय करायचा असेल, म्हणजे वैद्यक, वकिली, वास्तुकला, परिचर्या, शिक्षकी, तर विद्यापीठाचं नाव कितीही मोठं असो, आधी हे बघा: जिथं काम करायचं आहे तिथली परवाना देणारी संस्था ही विशिष्ट पदवी मान्य करते का? शिकायचा देश आणि काम करायचा देश वेगळे असतील तर दोन्हीकडचे नियम वाचायचे.

अभियांत्रिकीसाठी १९८९ चा वॉशिंग्टन करार आहे. सदस्य देशांतल्या मान्यता-संस्था एकमेकांनी मान्य केलेल्या अभियांत्रिकी पदव्या तुल्य मानतात. भारत त्यात २०१४ पासून पूर्ण सदस्य आहे. पण हा करार त्या-त्या संस्थेने मान्यता दिलेल्या पदव्यांपुरताच आहे. विद्यापीठ नावाजलेलं आहे म्हणून तिथली प्रत्येक अभियांत्रिकी पदवी त्यात आपोआप बसत नाही. वैद्यकीय महाविद्यालयांची एक जागतिक सूची आहे, वर्ल्ड डिरेक्टरी ऑफ मेडिकल स्कूल्स. त्या सूचीत नाव असणं म्हणजे मान्यता असणं नव्हे. हा फरक एजंट सांगत नाही. वकिलीचं तर शिक्षणच त्या देशाच्या कायद्याला बांधलेलं असतं. ब्रिटनमध्ये मानसशास्त्रात पुढं जायचं असेल तर पदवीला ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीची मान्यता आहे का ते बघतात. ती नसेल तर व्यावसायिक प्रशिक्षणाआधी वेगळा रूपांतर अभ्यासक्रम करावा लागतो.

नावाखाली दडलेल्या गोष्टीचं मला सगळ्यात बोलकं वाटणारं उदाहरण अमेरिकेतलं आहे. तिथं विद्यार्थी व्हिसावर पदवी घेतलेल्याला साधारण १२ महिने कामाचं प्रशिक्षण घेता येतं आणि विज्ञान-तंत्रज्ञान गटातली पदवी असेल तर आणखी २४ महिने मिळू शकतात. पदवी त्या गटात येते की नाही हे तिच्या नावावरून नाही, तर सीआयपी नावाच्या सरकारी वर्गीकरणातल्या सांकेतिक क्रमांकावरून ठरतं. साधं अर्थशास्त्र ४५.०६०१ या क्रमांकाखाली नोंदलेलं असेल तर त्या वाढीव मुदतीत बसत नाही, ४५.०६०३, म्हणजे अर्थमिती व संख्यात्मक अर्थशास्त्र, हा क्रमांक असेल तर बसतं. दोन शेजारच्या विद्यापीठांतल्या "अर्थशास्त्र" पदव्यांत दोन वर्षांच्या नोकरीच्या संधीचा फरक पडू शकतो. प्रवेश कार्यालयाला एका ओळीचं ईमेल केलं की हा क्रमांक कळतो.

क्रमवारीला किती मान द्यायचा

क्रमवारी मोजते काय, ते बघून. शांघायची क्रमवारी २००३ पासून निघते; तिच्यात नोबेल आणि गणितातली फील्ड्स पदकं मिळवलेले माजी विद्यार्थी व प्राध्यापक यांना मिळून ३० टक्के वजन आहे. क्यूएस या दुसऱ्या एका जागतिक क्रमवारीत ३० टक्के वजन प्राध्यापकांमध्ये केलेल्या नावलौकिकाच्या सर्वेक्षणाला आहे, आणि २०२४ च्या आवृत्तीआधी ते ४० टक्के होतं. म्हणजे विद्यापीठ जागचं हललं नाही तरी मोजपट्टी बदलली की क्रमांक हलतो. पीएचडीला जाणाऱ्याला यातून काही कळेल. पदवीच्या दुसऱ्या वर्षात तुमच्या वर्गात किती मुलं असतील आणि तुमचा निबंध कोण तपासेल, हे यातून कळत नाही.

त्याऐवजी विषयवार माहिती शोधा. ब्रिटनमध्ये नॅशनल स्टुडंट सर्व्हे २००५ पासून शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शिकवणं, तपासणी, मदत याबद्दल विचारतो आणि डिस्कव्हर युनी या संकेतस्थळावर ते एकेका अभ्यासक्रमानुसार बघता येतं. अमेरिकेत कॉलेज स्कोअरकार्ड या संकेतस्थळावर विषयवार कमाई आणि कर्जाचे आकडे आहेत. ऑस्ट्रेलियात अशा सर्वेक्षणांचे निकाल क्विल्ट या संकेतस्थळावर मिळतात. सरकारी पाठबळाची ही साधनं फुकट आहेत आणि आश्चर्य वाटेल इतकी कमी वापरली जातात.

तिथं शिकणाऱ्याला विचारा

"विद्यापीठ कसं आहे?" असं विचारलं की "छान आहे" एवढंच उत्तर येतं. भाचीने तिसऱ्या कागदावरच्या विद्यापीठातल्या दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीला विचारलं होतं, "गेल्या मंगळवारी सकाळपासून रात्रीपर्यंत तू काय-काय केलंस?" उत्तर लांबलचक आलं. सकाळी पावणेआठची बस, कारण विभाग मुख्य आवारापासून चाळीस मिनिटांवर. दोन तास वर्ग, मग प्रयोगशाळा, मधे जेवायला जागा नाही म्हणून जिन्यात बसून डबा. दुपारी एका प्राध्यापिकेकडे अर्धा तास, कारण मोजमापांचा आलेख चुकला होता आणि बाईंनी स्वतः बोलावून घेतलं होतं. संध्याकाळी वाचनालय नऊला बंद. खोलीवर आल्यावर घरी फोन करायचा होता, पण घरी तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती.

माहितीपत्रकाच्या चाळीस पानांत हे नव्हतं. त्या अर्ध्या तासासाठी भाचीने ते विद्यापीठ पक्कं केलं, बसची चाळीस मिनिटं आणि जिन्यातला डबा लक्षात ठेवूनच.

अशी मुलं विषयाच्या विद्यार्थी मंडळाकडून किंवा विभागाच्या कार्यालयाकडून सापडतात. विद्यापीठाने नेमलेले "विद्यार्थी दूत" सहसा मानधन घेऊन बोलतात. ते खोटं बोलतात असं नाही, पण त्यांच्यावरच थांबू नका. निदान दोघांना विचारा: एक दुसऱ्या वर्षातला आणि एक नुकता पास होऊन बाहेर पडलेला. पास झालेल्याला पहिली नोकरी कशी मिळाली हे विचारा, आणि ती मिळायला पदवीतलं नेमकं काय कामी आलं तेही. एजंटाचा फुकट सल्ला घेत असाल तर त्याला कुठल्या विद्यापीठांकडून कमिशन मिळतं हे तोंडावर विचारा. त्यात उद्धटपणा नाही.

पैशाचा हिशेब

हिशेब पहिल्या वर्षाचा करू नका, सगळ्या वर्षांचा करा. शुल्क दर वर्षी वाढू शकतं का, किती, ते करारात बघा. चलनाचा दर तुमच्या विरुद्ध गेला तर शेवटचं वर्ष निभेल का, ते कागदावर मांडा. शिष्यवृत्ती असेल तर ती एका वर्षाची की पूर्ण पदवीची, आणि टिकवायला किती गुण लागतात? पहिल्या सत्रात गुण घसरणं अगदी सामान्य आहे. तेवढ्याने शिष्यवृत्ती जाणार असेल तर ती अर्धी धरूनच चाला. व्हिसा, विमा, अनामत रक्कम, पहिल्या महिन्यातली भांडी-अंथरूण, वर्षातून एकदा घरी येणं-जाणं, हे सगळं धरा.

शिकता-शिकता काम करून खर्च भागवू, हा बेत मात्र कायद्याच्या चौकटीत बसवावा लागतो. ब्रिटनमध्ये पदवीच्या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८ तासांची. जर्मनीत युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं. अमेरिकेत पहिल्या वर्षी साधारणपणे विद्यापीठाच्या आवारातलंच काम मिळू शकतं. हे आकडे सरकारं बदलत असतात, म्हणून अर्जाच्या वेळी त्या देशाच्या अधिकृत पानावर पुन्हा बघा. शुल्क आणि भाडं नक्की पैशातून, वरखर्च कामातून, अशी विभागणी असेल तरच झोप लागते.

अंतर म्हणजे फक्त किलोमीटर नव्हे

घराची आणि तुमची वेळ किती तासांनी जुळते ते घड्याळ समोर ठेवून बघा. हवामानाचं सरासरी तापमान बघून भागत नाही, उजेडाचे तासही बघा. नॉर्वेतल्या ट्रोम्सोला चांगलं विद्यापीठ आहे, आणि नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तिथं सूर्य क्षितिजावर येत नाही. काहींना हे भावतं, काहींना ते सोसत नाही. वर्गातली भाषा इंग्रजी असली तरी दवाखान्यातली, घरमालकाची, बँकेतली भाषा वेगळी असू शकते.

राहण्याची जागा हा स्वतंत्र आणि गंभीर मुद्दा आहे. वसतिगृह फक्त पहिल्या वर्षी मिळतं की पुढंही? घरटंचाई इतकी होती की नेदरलंड्समधल्या काही विद्यापीठांनी परदेशी विद्यार्थ्यांना उघडपणे सांगितलं होतं, खोली मिळाली नसेल तर येऊ नका. तिथं आधीपासून शिकणाऱ्याला विचारा, खोली मिळायला किती आठवडे लागले आणि कुणाच्या मदतीने. न बघितलेल्या खोलीसाठी अनोळखी खात्यात पैसे भरायचे नाहीत, कितीही घाई असली तरी.

आणि आजारी पडल्यावर, मन उदास झाल्यावर कुणाकडे जायचं? समुपदेशकाची वेळ मिळायला किती दिवस लागतात, विम्यात ते धरलं आहे का, हे विचारून ठेवा. ठणठणीत असताना विचारलेलं बरं, कारण गरज पडते तेव्हा फोन उचलायचीही ताकद नसते.

अर्ज आणि तारखा

अर्जांची संख्या आटोपशीर ठेवा. पाच-सहा नीट वाचलेल्या पदव्या वीस आंधळ्या अर्जांपेक्षा बऱ्या. ब्रिटनमध्ये यूकॅस या सामाईक अर्ज-व्यवस्थेत जास्तीत जास्त पाच पर्याय देता येतात, वैद्यकासाठी चार. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि वैद्यकाच्या अर्जांची मुदत ऑक्टोबरमध्येच संपते, बाकीच्या बहुतेकांची जानेवारीत. अमेरिकेत "अर्ली डिसिजन" हा अर्ज बांधील असतो: प्रवेश मिळाला तर जावंच लागतं, म्हणून शिष्यवृत्तीची तुलना करायची असेल तर तो टाळा. ऑस्ट्रेलियात वर्ष फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू होतं, जपानमध्ये बहुतेक ठिकाणी एप्रिलमध्ये. आयईएल्टीएस आणि टोफेल या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण दोन वर्षं ग्राह्य असतात, त्यामुळं परीक्षा फार लवकर देऊन ठेवू नका. गुणपत्रिकांवर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का, लागेल का ते आधी विचारा. या शिक्क्याची व्यवस्था ठरवणाऱ्या १९६१ च्या हेग करारात नसलेल्या देशांसाठी ती प्रक्रिया वेगळी आणि लांब असते. चीन त्या व्यवस्थेत नोव्हेंबर २०२३ मध्ये आला आणि कॅनडा जानेवारी २०२४ मध्ये, म्हणून जुन्या माहितीवर विसंबू नका.

ऑफर हातात आल्यावर

पत्र आलं की घरात आनंद होतो आणि त्याच संध्याकाळी अनामत भरली जाते. एक रात्र थांबा. ऑफर सशर्त आहे की बिनशर्त, शर्त कोणत्या तारखेपर्यंत पुरी करायची, व्हिसा नाकारला गेला तर अनामत परत मिळते का, प्रवेश एक वर्ष पुढं ढकलता येतो का, हे चार प्रश्न ईमेलने विचारा आणि लेखी उत्तर आल्यावरच पैसे भरा. फोनवरचं आश्वासन पुढं दाखवता येत नाही.

आणि ज्या दिवशी पैसे भराल त्याच दिवशी मॉड्यूल हँडबुकची पीडीएफ उतरवून, नावात तारीख घालून, दोन ठिकाणी साठवा. संकेतस्थळावरची जुनी आवृत्ती एके दिवशी गायब होते. पुढं विद्यापीठ बदलताना, पदव्युत्तर प्रवेशाला किंवा परवान्याच्या अर्जाला "कोणता विषय किती तास शिकलात" हे दाखवायला तोच कागद मागतात. भाचीच्या लॅपटॉपवर तो एका वेगळ्या फोल्डरमध्ये आहे, आणि त्यातलं शेवटच्या वर्षाचं पान तिने छापून टेबलासमोर चिकटवलं आहे.